वनक्षेत्र : निरंक

माझ्या बीटात जंगल नाही.
रस्त्याकडेच्या बाभळी धरल्या तरी
नकाशाला चिमूटभर हिरवा रंग पुरतो.
नोकरी लागली तेव्हा मामा म्हणाले,
बरं झालं पोरी, वाघबिघ नाही,
रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या अन् पगार घ्यायचा.

मग एका सुगीत कोंडाबाई गुट्टे
दुरडीत माती घेऊन ऑफिसात आली.
अख्खा ठसा विळ्यानं कापून उचललेला :
काळ्या चिकट चिखलात दोन पाकळ्या,
मागं दोन टिंबं.
"शेळी म्हणावं तर शेळी इतकी खोल रुतत नाही.
काय आलंय हे आमच्या भुईमुगात?"
मी तो खूर फक्त परीक्षेच्या पुस्तकात पाहिला होता.

कुणी म्हणतं मांजरेच्या पात्रानं खालून वर आले,
कुणी म्हणतं कारखान्याच्या मागोमाग.
दहा महिने उसात माणूस शिरत नाही,
पाट वाहतो, पाचटाची गादी,
भर मे महिन्यात गार अंधार.
जंगल म्हणजे काय ते मला प्रशिक्षणात शिकवलं होतं.
त्यात ऊस नव्हता.

चिंचोडीनं सगळं करून पाहिलं.
बांधावर बायकांच्या जुन्या साड्या,
सलूनमधून पोतंभर केस आणून कडेनं पेरले,
भोंग्यावर रेकॉर्ड केलेली कुत्र्यांची भुंक.
तीन रात्री डुकरांनी ऐकून घेतलं.
चौथ्या रात्री भोंग्याच्या खांबापाशीच मका खाल्ला.

अर्ज. ठराव. परवाना.
बंदूक सुभेदार बिराजदारांची,
कुत्री यल्लप्पा धोत्रेची.
त्याच्या आज्याची डुकरं ह्याच गावानं
वेशीबाहेर काढायला लावली होती,
हे त्यानं मला चहा पिताना सांगितलं,
हसत, बशी पुसत,
जसं कुणी जुन्या एसटीचं टायमिंग सांगावं.

तोडणीचा शेवटचा दिवस.
तीन एकराचं एक एकर,
एकराचे दहा गुंठे,
दहाचे चार.
कोयते थांबले. ऊस वारा नसताना हलत होता.
पोरं ट्रॉलीवर चढून मोबाइल धरून उभी.
"कुणी बोलू नका बे," यल्लप्पा म्हणाला,
अन् सोनकीच्या गळ्यातली दोरी सोडली.

आधी मादी निघाली.
मागं सहा पिल्लं,
डांगराच्या सालीसारखी रेघारेघांची.
सुभेदारांनी बंदूक उचलली, खाली घेतली,
चष्मा पुसत बसले.
ती गेली. रस्ता ओलांडून, शाळेच्या मागून,
पलीकडच्या गावच्या उसात.
कुणीतरी शिवी दिली, मला की त्यांना, कळलं नाही.

मग नर.
तो पळाला नाही, तो आला.
सोनकी हवेत गेली, पडली, पुन्हा त्याच्यावर गेली.
दोन आवाज झाले.
पहिला मातीत गेला.

पंचनामा मी ट्रॉलीच्या सावलीत लिहिला.
लांबी. अंदाजे वजन. सुळे दोन, एक मोडका.
खड्डा पाच फूट, वर मीठ, वर फिनेल.
"पुरायचंच का, मॅडम?"
यल्लप्पानं एकदाच विचारलं.
नियम त्याला माझ्याआधी पाठ होता.
तो सोनकीजवळ बसून होता,
दाभणात दोरा ओवायला त्यानं
तो माझ्या हातात दिला,
उन्हात त्याला भोक दिसत नव्हतं.
मलाही तिसऱ्या वेळी जमलं.

पुढच्या आठवड्यात पलीकडून फोन.
तुमच्या हद्दीतली डुकरं आमच्यात आलीत म्हणे, घेऊन जा.

वार्षिक अहवालात
वनक्षेत्राच्या रकान्यात मी दरसाल "निरंक" लिहिते.
यंदा पेन थोडा वेळ तिथंच राहिलं.
मग लिहिलं. निरंक.

कोंडाबाईची माती अजून खिडकीत आहे.
उन्हाळ्यात भेगा पडायला लागल्या
की मी ओला हात फिरवते,
कडेकडेनं,
खुरात पाणी जाणार नाही असा.